फायनान्सच्या पीएचडीचा एसओपी : मसुदा टाकतोय, दयामाया न दाखवता फाडा

कृष्णाकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ११.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, पहिलाच धागा काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

यंदा अमेरिकेत फायनान्सच्या पीएचडीला अर्ज करतोय. आठ ठिकाणं ठरवली आहेत, बहुतेकांची मुदत डिसेंबरात संपते. शिवाय नेदरलँड्समधली दोन. माझ्याबद्दल थोडक्यात: सांगलीत बी.ई. मेकॅनिकल (एम-थ्रीत, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरात, केटी, म्हणजे नापास, हे आत्ताच सांगून मोकळा होतो), मग पुण्यात एम.ए. अर्थशास्त्र, आणि गेली तीन वर्षं मुंबईत एका पतमानांकन कंपनीत. नागरी सहकारी बँका आणि छोट्या एनबीएफसी (बँक नसलेल्या वित्तसंस्था) यांच्या फायली बघतो. जीआरई या प्रवेश परीक्षेत क्वांटला, म्हणजे गणिताच्या भागाला, १६८.

घोडं अडलंय एसओपीपाशी (स्टेटमेंट ऑफ पर्पज, अर्जासोबतचं 'मला हे का करायचंय' सांगणारं पत्र). सहा मसुदे झाले. मित्रांना दाखवला की 'भारी आहे रे' म्हणतात आणि चहा मागवतात. मूळ इंग्रजीत आहे, इथे आशय मराठीत देतो.

पहिला परिच्छेद: लहानपणापासून मला पैशांच्या व्यवहारांचं कुतूहल. माझी आजी चौथी शिकलेली, पण तिच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या खाली, प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेव पावत्या असत. बँक बुडाली तर सगळं एकदम जाऊ नये म्हणून ती पैसे वाटून ठेवायची. आमच्या भागातली एक सहकारी बँक अडचणीत आली तेव्हा शेजाऱ्यांचे हाल मी पाहिले आणि वित्तव्यवस्था सामान्य माणसासाठी सुरक्षित करायची असं ठरवलं.

दुसरा: शिक्षण, टक्केवारी, एक वक्तृत्व स्पर्धा. तिसरा: नोकरी, किती मानांकनांत सहभाग, कोणकोणती सॉफ्टवेअर येतात. चौथा: ॲसेट प्रायसिंग, कॉर्पोरेट फायनान्स, बँकिंग, बिहेविअरल आणि फिनटेक या सगळ्यांत संशोधनाची इच्छा. पाचवा: आपल्या जगप्रसिद्ध विद्यापीठातल्या अमुक, तमुक आणि ढमुक प्राध्यापकांच्या मार्गदर्शनाखाली काम करायला मिळणं हे माझं भाग्य ठरेल वगैरे.

आता हाणा.

चहाबाज | १२ ऑक्टोबर, सकाळी ८.०५

आजी आवडली. बाकीचं समजलं नाही. शुभेच्छा!

रिग्रेशनराव | १२ ऑक्टोबर, सकाळी ९.५०

मी अमेरिकेच्या मिडवेस्टात एका सरकारी विद्यापीठात फायनान्स शिकवतो आणि दोन वर्षं आमच्या प्रवेश समितीवर होतो. तेव्हा जरा लांबलचक लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

आधी हे कागद वाचतं कोण ते बघा. एमबीएला प्रवेश देणारं वेगळं खातं असतं, त्यांना माणूस हवा असतो: नेतृत्व, संघर्ष, वक्तृत्व. पीएचडीचे अर्ज वाचतात तिथलेच तीन-चार प्राध्यापक. जानेवारीत, स्वतःचा पेपर अर्धवट टाकून, एका संध्याकाळी चाळीस-पन्नास अर्ज. जागा किती? आमच्याकडे वर्षाला तीन. मोठ्या ठिकाणीही चार-सहाच्या पुढे क्वचित. अर्ज शेकड्यांनी. शिवाय घेतलेल्या प्रत्येकाची फी माफ करून पाच वर्षं विद्यावेतन द्यायचं असतं. त्यामुळे वाचणाऱ्याच्या डोक्यात एकच प्रश्न असतो: हा पोरगा किंवा ही पोरगी पाच वर्षांनी असा एक पेपर लिहील का, जो घेऊन नोकरीच्या बाजारात उभं राहता येईल?

या नजरेने तुमचा मसुदा वाचला. पहिल्या परिच्छेदात 'लहानपणापासून' आहे. मी वाचलेल्या अर्जांत निम्मे लोक लहानपणापासून काही ना काही करत होते. सरळ काढा. दुसरा परिच्छेद म्हणजे तुमची गुणपत्रिका, ती जोडलेलीच आहे. तिसरा म्हणजे बायोडेटा, तोही जोडलेला आहे. चौथ्यात तुम्ही अख्ख्या विषयाची अनुक्रमणिका लिहिली आहे. पाचही गोष्टींत रस आहे याचा वाचणाऱ्याने घेतलेला अर्थ: याने अजून काही वाचलेलं नाही. पाचव्याबद्दल पुढे कुणीतरी बोलेलच.

मग उरलं काय? आजीच्या पावत्या. आणि तिथेही तुम्ही हातातली गोष्ट टाकून शेजाऱ्यांच्या हालांकडे पळालात. मला त्या पावत्यांबद्दल आणखी ऐकायचं होतं. किती होत्या? कितीच्या? कुणाच्या नावावर? आजी ठेव विम्याच्या मर्यादेला (बँक बुडाली तर ठेवीदाराला जास्तीत जास्त जेवढे पैसे परत मिळतात तिला) प्रतिसाद देत होती असा तुमच्या वाक्याचा अर्थ होतो, आणि हा तपासता येण्याजोगा दावा आहे. अख्ख्या मसुद्यात तेवढं एकच वाक्य फायनान्सचं आहे.

उगाचच | १२ ऑक्टोबर, सकाळी ११.१५

असहमत. आजीबिजी काढून टाका. परदेशी समितीपुढे गरिबीचं भांडवल केल्यासारखं दिसतं. माझ्या भाचीने सरळ 'मला मार्केट मायक्रोस्ट्रक्चरमध्ये काम करायचंय' असं पहिलं वाक्य लिहिलं आणि तिला प्रवेश मिळाला.

रिग्रेशनराव | १२ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

उगाचच, भाचीचं वाक्य चांगलंच आहे आणि तसंही चालतं. पण गरिबीचं भांडवल कुठे झालं? ज्या घरात ठेव पावत्या आहेत ते घर गरीब नाही. आजी म्हणून आजी नको हे मान्य. निरीक्षण म्हणून आजी चालेल.

निवृत्त रोखपाल | १२ ऑक्टोबर, रात्री ९.१०

एका नागरी सहकारी बँकेत ३१ वर्षे काढली, त्यातली अकरा कॅशला. पीएचडीतले काही कळत नाही, परंतु पावत्यांबद्दल बोललात म्हणून लिहितो.

ठेव विमा १९९३ पासून एक लाखाचा होता. ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाख झाला. हप्ता बँक भरते, ठेवीदाराला एक पैसा पडत नाही. आता यातली मेख ऐका. एक: विमा मुद्दल आणि व्याज मिळून असतो. म्हणून जाणकार माणूस लाखाची पावती करत नसे. नव्वद हजाराची करायचा, एक वर्ष मुदत. नऊ टक्के धरले तरी अठ्ठ्याण्णव हजार शंभर, म्हणजे लाखाच्या आत. दोन: एकाच बँकेच्या चार शाखांत पैसे ठेवले तर उपयोग शून्य, सगळे एकत्र धरतात. लोक बिचारे एसटीने तासगावला जाऊन पावती करत. तीन, आणि हे फार थोड्यांना ठाऊक: संयुक्त ठेवीत नावांचा क्रम बदलला तर ती वेगळी धरली जाते. म्हणजे आजी एकटी, आजी आणि मुलगा, मुलगा आणि आजी, या तीन पावत्यांना तीन वेगवेगळे विमे.

तेव्हा कृष्णाकाठ, आजींच्या पावत्यांवर नावे कोणत्या क्रमाने आहेत ते बघा. क्रम बदललेला असला तर आजींना नियम ठाऊक होता. किंवा काउंटरच्या आतल्या कुणाला तरी.

रिग्रेशनराव | १२ ऑक्टोबर, रात्री ९.४५

रोखपालसाहेब, दंडवत. नव्वद हजारांचं मला माहीत नव्हतं. ठेवींच्या रकमांचा आलेख काढला तर ढीग लाखावर न दिसता त्याच्या अलीकडे दिसेल. भलत्या जागी शोधणारा म्हणेल परिणामच नाही.

कृष्णाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री १२.२०

खरं सांगायचं तर पावत्या मी लहान असताना पाहिल्यात, नावांचा क्रम बघितलेला नाही. दिवाळीला सांगलीला जातोय, तेव्हा बघतो.

दरम्यान वाचायला सुरुवात केली. लोक घाबरून एकदम बँकेकडे ठेवी काढायला का धावतात यावरचा डायमंड आणि डिबविग यांचा १९८३ चा पेपर एम.ए.ला होता, त्यावर २०२२ चं नोबेल मिळालं हेही माहीत होतं. पण त्यात ठेव विमा आला की लोक धावायचं थांबतात, गोष्ट संपते. मग मला अय्यर आणि पुरी यांचा २०१२ चा पेपर सापडला. २००१ मध्ये अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल सहकारी बँक कोसळली, तेव्हा गुजरातमधल्याच दुसऱ्या एका सहकारी बँकेतून कोण ठेवी काढून गेलं, कोण थांबलं, याचा खातेनिहाय अभ्यास. विमा असूनही लोक गेले. ज्यांचं बँकेशी जुनं नातं किंवा कर्ज होतं ते कमी गेले. आणि सगळ्यात मजा म्हणजे, खातं उघडताना अर्जावर ज्या ओळखदाराची सही घेतलेली, तो गेला की त्याने ओळख दिलेलेही जाण्याची शक्यता वाढते. ओळखदाराच्या सहीतून कोण कुणाचं ऐकतो याचा नकाशा निघतो, हे माझ्या डोक्यातच आलं नसतं. ऑफिसात रोज हेच अर्ज बघतो मी.

पाचवंवरीस | १३ ऑक्टोबर, दुपारी ३.३०

मी नेदरलँड्समध्ये पीएचडीच्या शेवटच्या टप्प्यात आहे (नावावरून कळलंच असेल), म्हणून दोन शब्द.

कृष्णाकाठ, हा शेवटचा प्रतिसाद तुमच्या सहा मसुद्यांपेक्षा चांगला एसओपी आहे. 'ऑफिसात रोज हेच अर्ज बघतो मी' हे वाक्य तर आधी उचलून ठेवा.

आता थोडं पाणी ओतते. मर्यादा २०२० मध्ये पाचपट झाली, तेव्हा आधी आणि नंतर अशी तुलना करू असं तुम्हाला वाटत असणार. मलाही वाटलं असतं. पण ४ फेब्रुवारीला मर्यादा वाढली आणि २५ मार्चला लॉकडाउन लागला. सात आठवडे! त्यानंतर ठेवींचं जे काही झालं ते विम्यामुळे की करोनामुळे, कसं सांगणार? शिवाय त्याआधी सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी या सहकारी बँकेवर निर्बंध आले, सुरुवातीला तर सहा महिन्यांत हजार रुपयेच काढायची मुभा होती. म्हणजे मर्यादा वाढली तीच लोक घाबरलेले असताना.

एक वाट दिसते. पतसंस्थांना हा विमा लागू नाही. त्याच पेठेत, त्याच रस्त्यावर एक नागरी बँक आणि एक पतसंस्था. करोना दोघांना सारखाच, विमा एकीलाच वाढला. अगदी स्वच्छ तुलना नाही, पतसंस्थेचे ठेवीदार वेगळे असतात, व्याजदर वेगळे असतात. पण एसओपीत एवढं दिसलं की झालं: प्रश्न काय, त्यातली अडचण काय, आणि ती सोडवायची एक निदान कल्पना. उत्तर कुणी मागत नाही. दुसऱ्या वर्षापर्यंत तुमचा विषय बदलणार हे समितीलाही ठाऊक असतं. माझा दोनदा बदलला.

नेदरलँड्सबद्दल: इथे बऱ्याच ठिकाणी आधी दोन वर्षांचं रिसर्च मास्टर आणि मग पीएचडीची पगारी नोकरी, असा रस्ता असतो. तेव्हा अमेरिकेचा एसओपी नाव बदलून इकडे पाठवू नका. आणि हो, नाव बदलताना जपून. माझ्या एका मैत्रिणीने शेवटच्या ओळीत दुसऱ्याच विद्यापीठाचं नाव ठेवून पाठवला होता. अर्ज सादर झाल्यावर रात्री दोनला तिला ते दिसलं.

हिशेबनीस | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ६.००

एवढा उपद्व्याप करण्यापेक्षा सीएफए (गुंतवणूक क्षेत्रातली व्यावसायिक पात्रता) करा की राव. तीन परीक्षा, नोकरी सोडावी लागत नाही, पगार दुप्पट.

रिग्रेशनराव | १३ ऑक्टोबर, सायंकाळी ७.१०

हिशेबनीस, सल्ला वाईट नाही, पण तो रस्ता वेगळ्या गावाला जातो. कुणाला फंड चालवायचा असेल, ट्रेडिंग डेस्कवर बसायचं असेल, तर खरंच पीएचडी करू नये. आणि एसओपीत 'पीएचडीनंतर हेज फंडात जायचा मानस आहे' असं प्रामाणिकपणे लिहिणारेही भेटतात. आमच्या विभागाची पत मोजली जाते ती आमचे विद्यार्थी कुठल्या विद्यापीठात प्राध्यापक म्हणून लागले यावर. जाणार असाल तर जा, पुष्कळ जण जातात, पण दारातच सांगू नका.

कृष्णाकाठ | १४ ऑक्टोबर, रात्री १.००

तीन शंका. केटीचं काय करू? शिफारसपत्रांबद्दल एक अडचण आहे. आणि प्राध्यापकांची नावं घालायची की नाही?

शिफारसपत्राची अडचण अशी: एक सर म्हणाले, 'मला वेळ नाही, तूच लिहून आण, मी सही करतो.' दुसऱ्यांचंही तेच.

शब्दखोर | १४ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

तूच लिहून आण! आमच्या वेळेपासून हेच. सही तरी वाचून करतात का विचार.

पाचवंवरीस | १४ ऑक्टोबर, सकाळी ११.००

हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे आणि ते इकडे लगेच ओळखू येतं. तीन पत्रं आणि एक एसओपी, चारही एकाच हातचे. तेच लाडके शब्द, तीच लांबीची वाक्यं. नका करू. सरांकडे अर्धा तास मागा, तुमच्या प्रबंधाची प्रत आणि एक पान टिपणं द्या: कोणत्या विषयात काय काम केलं, कुठे अडलो, त्यांनी काय सुचवलं. लिहू दे त्यांना चार ओळी. त्या चार खऱ्या ओळींना तुमच्या चाळीस ओळींपेक्षा वजन असतं. ऑफिसातल्या ज्या वरिष्ठांनी तुमचं आकडेवारीचं काम जवळून बघितलंय ते तिसरे चालतील. तिन्ही ऑफिसातले मात्र नकोत.

जमलं तर यंदाच्या अर्जांबरोबर प्री-डॉकचाही विचार ठेवा. एक-दोन वर्षं एखाद्या प्राध्यापकाकडे पूर्णवेळ संशोधन साहाय्यक. अलीकडे प्रवेश मिळालेल्यांत असे बरेच असतात, कारण त्यांच्या पत्रात लिहिणाऱ्याने त्यांना रोज काम करताना बघितलेलं असतं.

रिग्रेशनराव | १४ ऑक्टोबर, दुपारी १.२०

केटी: एक वाक्य. 'तिसऱ्या सत्रात गणितात नापास झालो, पुढच्या प्रयत्नात उत्तीर्ण झालो, आणि एम.ए.नंतर रिअल ॲनालिसिस (सिद्धतांवर भर असलेलं गणित) स्वतःहून शिकलो.' यातलं शेवटचं खरं असलं तरच लिहा, आणि कशावरून ते दाखवता आलं पाहिजे. कावीळ झाली होती, पेपर कठीण होता, सर नीट शिकवत नव्हते, यातलं काही नको. इकडे कुणाला केटी माहीत नाही. तुम्ही तीन ओळी लिहिल्यात तर माहीत होईल. पण गणित सोडून देता येणार नाही. पहिल्या वर्षी अर्थशास्त्र विभागातल्या पोरांबरोबर मायक्रो आणि इकॉनोमेट्रिक्सला बसवतात, तिथे सिद्धता लिहाव्या लागतात. त्यात बुडणारे लोक आम्ही पाहिलेत म्हणूनच समिती घाबरते.

नावं: घाला, पण एक किंवा दोन, आणि काम वाचलं असेल तरच. 'आपल्या थोर कार्याने प्रेरित होऊन' हे नको. 'तुमच्या अमुक पेपरात ठेवीदारांना माहिती सारखीच मिळते असं धरलंय, माझ्या बघण्यातल्या बँकांत तसं नसतं' असं हवं. आणि तो माणूस अजून तिथे आहे ना हे त्याच्या स्वतःच्या पानावर जाऊन बघा. आमच्याकडे दोन वर्षं लोक एका बाईंचं नाव लिहीत होते. त्या कधीच दुसरीकडे गेल्या होत्या, आणि त्यांच्या जागी आलेला मीच ते अर्ज वाचत होतो.

उगाचच | १४ ऑक्टोबर, दुपारी २.००

हाहाहा. मग काय केलंत?

रिग्रेशनराव | १४ ऑक्टोबर, दुपारी २.१५

काय करणार, वाचले. एकाला घेतलंही.

शब्दखोर | १५ ऑक्टोबर, सकाळी ८.००

एक विचारू का? हल्ली ते चॅटजीपीटी एका मिनिटात लिहून देतं की. मग एवढी झटापट कशाला?

पाचवंवरीस | १५ ऑक्टोबर, सकाळी १०.३०

व्याकरण तपासायला वापरा, पण ज्या विद्यापीठांचे याबाबत नियम आहेत ते आधी वाचा. लिहायला बसवलंत तर ते तुम्हाला कृष्णाकाठचा पहिला मसुदाच देईल, फक्त गुळगुळीत. त्याला नव्वद हजारांची पावती कुठून सुचणार? ती त्याने पाहिलेली नाही.

कृष्णाकाठ | २४ ऑक्टोबर, रात्री ११.१५

घरून परतलो. बसमध्येच लिहायला घेतलं होतं, नेट गेलं. नीट सांगतो, कारण माझ्या पहिल्या परिच्छेदाचा पार बोऱ्या वाजलाय.

भाऊबीजेच्या दुपारी आजीला म्हटलं, पावत्या दाखव. आधी तिला वाटलं मला पैसे हवेत. मग कपाट उघडलं. पिशवी तीच. चार पावत्या, एकाच बँकेच्या. रोखपालकाका, तुम्ही म्हणालात तंतोतंत तसं: एक तिच्या एकटीच्या नावावर, एक आजी आणि बाबा, एक बाबा आणि आजी, एक आजी आणि काका. प्रत्येकी नव्वद हजार. एक वर्ष मुदत. १५ ऑक्टोबरला संपणारी, दिवाळीच्या तोंडावर व्याज हातात पडावं म्हणून. मुद्दल दर वर्षी पुन्हा तेवढंच ठेवायचं.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हटलं, आजीला नियम पाठ आहे. विचारलं, 'बँक बुडाली तर म्हणून वाटून ठेवलेस ना?' ती म्हणाली, 'बँक कशाला बुडंल? तुम्ही चार नातवंडं, चौघांच्या चार. भांडायला नको.'

विमा हा शब्द तिने एलआयसीच्या संदर्भातच ऐकलेला. मग नव्वदच का? 'ते कुलकर्णी सायब होते, त्यांनी सांगितलेलं लाखाच्या आत ठेवा म्हणून.' नावं मागेपुढे का? 'त्यांनीच लिवली.' ते साहेब निवृत्त होऊन पंधरा वर्षं झाली. मी विचारलं, पाच वर्षांपूर्वी मर्यादा पाच लाख झाली, हे कुणी सांगितलं नाही? नाही. बाबांनाही माहीत नव्हतं. मलाही घरी सांगायचं सुचलं नाही, आणि मी रोज त्याच बँकांच्या फायली बघतो!

म्हणजे पावत्यांकडे नुसतं बघणारा म्हणेल की ही बाई विम्याच्या मर्यादेचा चोख हिशेब करते. आणि २०२० नंतर बघणारा म्हणेल की हिला मर्यादेचं काहीच पडलेलं नाही. दोन्ही चूक. आता मी काय लिहू? गोष्टच उलटी निघाली.

रिग्रेशनराव | २५ ऑक्टोबर, सकाळी ६.४०

अहो, हेच लिहा! उलटी निघाली हेच लिहा. आम्ही असे पेपर शेकड्यांनी वाचतो ज्यांत माणसाच्या वागण्यावरून त्याच्या डोक्यातलं गणित काढलेलं असतं. तुम्ही सरळ विचारायला गेलात आणि गणित दुसऱ्याच्या डोक्यात सापडलं.

प्रश्न आता कुठे सरकला बघा. मर्यादा वाढली की ठेवीदार काय करतो, हा आधीचा. आता: ठेवीदाराला मर्यादा कळते कुणाकडून? काउंटरमागचा माणूस निवृत्त झाला की ती माहिती कुठे जाते? मार्च २०२१ अखेरचे आकडे घ्या. पूर्ण संरक्षित खाती संख्येने ९८.१ टक्के, पण रकमेने विमा होता ५०.९ टक्के ठेवींना. विमा नसलेल्या त्या उरलेल्या रकमेच्या ठेवीदारांपैकी कितींना हे ठाऊक आहे आणि कितींना कुणी सांगितलंच नाही, हे वेगळं काढता आलं तर तो पेपर आहे.

पाचवंवरीस | २५ ऑक्टोबर, दुपारी १.००

आणि शाखेतल्या बदल्या-निवृत्त्या ही चांगली फट आहे. माणूस कधी निवृत्त होणार ते जन्मतारखेवर ठरलेलं असतं, बँकेच्या तब्येतीवर नाही. बँकेने डेटा द्यायला हवा, ते अवघड. पण तुम्ही त्या बँकांत रोज फोन करता हे समितीला सांगा. गोपनीय काही वापरणार नाही हेही त्याच ओळीत सांगा.

कृष्णाकाठ | २७ ऑक्टोबर, रात्री १२.५०

सातवा मसुदा, फक्त सुरुवात. मराठीत करून:

"माझ्या आजीकडे एकाच सहकारी बँकेच्या प्रत्येकी नव्वद हजार रुपयांच्या चार ठेव पावत्या आहेत. नावांचा क्रम प्रत्येकीवर वेगळा आहे. त्यामुळे २०२० पूर्वीच्या एक लाखाच्या मर्यादेतही चारही पावत्यांना पूर्ण विमा होता. यंदा मी तिला कारण विचारलं. ठेव विमा असतो हेच तिला माहीत नव्हतं. रक्कम आणि नावांचा क्रम एका बँक कर्मचाऱ्याने ठरवला होता. तो निवृत्त झाला, मर्यादा पाचपट झाली, पावत्या होत्या तशाच राहिल्या. ठेव विमा ठेवीदारांपर्यंत कुणामार्फत पोहोचतो, आणि तो दुवा तुटल्यावर काय होतं, हा प्रश्न मला अभ्यासायचा आहे."

पुढे ओळखदारांचा पेपर, पतसंस्थांची तुलना आणि तिची अडचण, मग नोकरीतलं फक्त या प्रश्नाशी जोडलेलं काम, केटीचं एक वाक्य. वक्तृत्व स्पर्धा गेली. साहेबांचं नाव अर्थातच घातलेलं नाही.

उगाचच | २७ ऑक्टोबर, सकाळी ९.००

आजी राहू द्या. शब्द मागे घेतो.

रिग्रेशनराव | २७ ऑक्टोबर, सकाळी ९.३०

'अभ्यासायचा आहे' नंतर थांबा, तिथे एक रिकामी ओळ सोडा. बाकी हात लावू नका. पतसंस्थांचा भाग लांबला तर चार ओळींत आणा. काही विद्यापीठं पाचशे शब्दांवर घेत नाहीत.

निवृत्त रोखपाल | २७ ऑक्टोबर, रात्री ८.४५

छान झाले आहे. परंतु एक गोष्ट सगळ्यांच्या नजरेतून सुटली. पावत्यांची मुदत १५ ऑक्टोबरला संपली असे तुम्हीच लिहिले आहे, आणि भाऊबीजेला त्या कपाटातच होत्या. आपोआप नूतनीकरणाची सूचना दिलेली आहे का? नसेल तर त्या दिवसापासून बचत खात्याचा दर लागतो किंवा पावतीचा, जो कमी असेल तो. साहेब असते तर त्यांनीच फोन केला असता. एसओपी राहू द्या बाजूला, उद्या सकाळी वडिलांना फोन करा आणि आजींना घेऊन बँकेत जायला सांगा. येताना पाच लाखांचेही समजावून यायला सांगा, पण पावत्या चारच राहू देत. नातवंडे चार आहेत.

कृष्णाकाठ | २८ ऑक्टोबर, सकाळी ११.२०

काका, आत्ताच फोन झाला. सूचना दिलेली नव्हती. बाबा आजीला घेऊन निघालेत.